वडिलांसाठी मापाचा स्वेटर : माप अंगावरून घ्यावे की जुन्या स्वेटरवरून?

धागेदोरे | ११ ऑक्टोबर

सर्वांना नमस्कार. विणकाम मी आईकडून शिकले. भाचरांची टोपरी, दोन-तीन मफलर आणि स्वतःसाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर, एवढीच आजवर माझी मजल गेली आहे. यंदा वडिलांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेत आहे. त्यांचे वय ७८ असून गेल्या काही वर्षांत त्यांच्या पाठीला बराच पोक आला आहे. त्यामुळे कोणताही तयार स्वेटर मागून वर चढतो व कमरेपाशी सदरा उघडा पडतो, आणि पुढून मात्र तोच स्वेटर पोटावर घड्या पडून लोंबत राहतो. ते रोज पहाटे सहाला अंबाझरी तलावावर फिरायला जातात आणि थंडी कितीही पडली तरी खाडा करत नाहीत. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, त्या आठवड्यातही एका हाताने स्वेटर मागून खाली ओढत ते जाऊन आले होते.

काल टेपने मापे घेतली ती अशी, सर्व सेंटिमीटरमध्ये : छाती ९६, मानेच्या मणक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ ६१, खांद्यापासून तेवढ्याच उंचीपर्यंत पुढची बाजू ६०, दंड २६, मनगट १७, काखेपासून मनगटापर्यंत बाही ४६. चार मिलिमीटरच्या सुयांवर साध्या विणीचा नमुना, म्हणजे टाके मोजण्यापुरता छोटा चौकोन, विणला. त्यात १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात.

आईचे म्हणणे असे की अंगावरच्या मापांवर कधीही विणू नये, नीट बसणारा जुना स्वेटर पलंगावर पसरून त्याचे माप घ्यावे. मला ते पटते, पण वडिलांना नीट बसणारा स्वेटरच घरात नाही. अशा वेळी काय करावे?

उलटसुलट | ११ ऑक्टोबर

आईंचे बरोबर आहे. अंगावरचे माप कातडीचे असते, आणि स्वेटर सदऱ्यावर घालायचा असतो. छाती ९६ म्हणून ९६ चा स्वेटर विणलात तर तो गंजिफ्राकासारखा अंगाला चिकटेल. जुन्या स्वेटरच्या मापात हा सैलपणा आधीच धरलेला असतो, शिवाय त्या माणसाला किती सैल कपडा आवडतो हेही त्यातून कळते, जे टेप सांगत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी सासरे आठ सेंटिमीटर सैल स्वेटरलाही घट्ट म्हणत असत आणि दीर चार सेंटिमीटर सैल असला तरी पोते म्हणत असत.

वडिलांचा सदरा, कोट किंवा मागून वर चढणारा का होईना, पण छातीत सुखाचा वाटणारा एखादा स्वेटर घ्या आणि त्याची रुंदी या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजून दुप्पट करा. लांबीचा विचार नंतर करू.

एक प्रश्न : नमुना धुऊन मोजलात का?

थंडीप्रेमी | १२ ऑक्टोबर

नागपुरात स्वेटर विणायला तीन महिने लागतात आणि घालायला दीड महिना मिळतो, तोही सकाळी नऊपर्यंत. तरीही हा उद्योग करणाऱ्या प्रत्येक नागपूरकरास माझा साष्टांग नमस्कार.

गणितमास्तर | १२ ऑक्टोबर

मी स्वतः विणत नाही. घरी विणकाम सौ. करतात आणि हिशेब माझ्याकडे असतो, तेव्हा हिशेबापुरते बोलतो.

छाती ९६ आणि सैलपणा ८ धरला तर घेर १०४ सेंटिमीटर होतो. एका सेंटिमीटरला २.२ टाके, म्हणजे १०४ गुणिले २.२ बरोबर २२८.८, सोयीसाठी २२८. पुढचा भाग ११४, मागचा ११४, आणि शिवणीत जाणारा एकेक टाका दोन्ही कडांना धरून प्रत्येकी ११६. इथपर्यंत सोपे आहे. गडबड होते ती नमुन्यात. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके समजून तुम्ही २२८ टाके घातले आणि विणताना हात सैल पडून प्रत्यक्षात २० च बसले, तर घेर ११४ सेंटिमीटर होईल. दोन टाक्यांच्या चुकीत दहा सेंटिमीटर गेले. म्हणून नमुना निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन असावा, कारण कडांचे टाके वळलेले असतात व मोजमाप बिघडवतात. मधल्या भागात टेप ठेवून अर्धा टाकासुद्धा मोजावा. अर्धा टाका सोडून देणारी माणसे पुढे लोकरीला नावे ठेवताना मी पाहिली आहेत.

बाहीचे गणितही मांडून ठेवतो. मनगट १७ अधिक ४ म्हणजे २१, त्याचे ४६ टाके. दंड २६ अधिक ६ म्हणजे ३२, त्याचे ७० टाके. फरक २४, आणि वाढवताना दोन्ही कडांना एकेक टाका वाढतो, म्हणून वाढीच्या ओळी १२. बाहीची लांबी ४६, त्यातली बॉर्डर ६ वजा करता ४० सेंटिमीटर, म्हणजे १२० ओळी. काखेखालच्या शेवटच्या सुमारे १५ ओळी सरळ ठेवल्या तर वाढीसाठी १०५ उरतात. १०५ भागिले १२ बरोबर पावणेनऊ, आणि पावणेनवावी ओळ नसते. नववी घेतली तर एकदा सुलट बाजूला आणि एकदा उलट बाजूला वाढ येते, तेही गैरसोयीचे. तेव्हा दर आठव्या ओळीला आठ वेळा आणि नंतर दर दहाव्या ओळीला चार वेळा वाढवावे : ६४ अधिक ४० म्हणजे १०४ ओळी.

मोगरा | १२ ऑक्टोबर

मास्तर, आपल्या आकडेमोडीला हात जोडते, पण इतके कष्ट न घेताही मापाचा स्वेटर होतो असे मी बरीच वर्षे मानत होते. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या प्रसिद्ध विणकर बाई अमेरिकेत होऊन गेल्या. त्यांची टक्केवारीची रीत अशी की छातीच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के समजायचे. मनगटाला त्याचे सुमारे २० टक्के, दंडाला ३३ च्या आसपास, गळ्याला ४० आणि काखेत सोडायचे ८ टक्के. एक माप आणि एक नमुना, की काम झाले. गोल विणायच्या, मानेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या स्वेटरला ही रीत उत्तम आहे.

मानत होते असे म्हटले, कारण माझा स्वतःचा स्वेटर याच रीतीने फसला. माझी छाती ९२ आणि दंड ३४ आहे. सैलपणा ६ धरून ९८, त्याचे २१६ टाके. ३३ टक्क्यांनी दंडाला ७१ टाके आले, म्हणजे ३२ सेंटिमीटर. ३४ च्या दंडाला ३२ ची बाही! तो स्वेटर घालून हात कोपरात वाकत नव्हता. लग्नाच्या पंगतीत मी घास तोंडाशी नेण्याऐवजी तोंड घासाशी नेत होते.

उलटसुलट | १३ ऑक्टोबर

मोगराताईंनी सांगितले तेच सांगणार होते. टक्केवारी सरासरी बांध्याची असते आणि सरासरी बांध्याचा माणूस मला अजून भेटलेला नाही. धागेदोरेताईंच्या वडिलांच्या बाबतीत उलटे होईल, २२८ चे ३३ टक्के म्हणजे ७५ टाके, घेर ३४ सेंटिमीटर, आणि वृद्ध माणसाच्या बारीक दंडावर ती बाही पिशवीसारखी लोंबेल. टक्केवारी पडताळ्यासाठी वापरावी. आपला आकडा तिच्यापासून फार दूर गेला तर पुन्हा एकदा टेप लावून पाहावी, एवढाच तिचा उपयोग मी करते.

दूरदेशी | १३ ऑक्टोबर

मूळची नागपूरच्या धरमपेठेतली, आता अमेरिकेत. सुयांच्या क्रमांकांबद्दल एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालते, तिच्यात क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक : ८ क्रमांक म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० क्रमांक म्हणजे ३.२५. अमेरिकेत नेमके उलट आहे, इथला १० क्रमांक ६ मिलिमीटरचा असतो. आईने फोनवर सांगितलेल्या "१० नंबरच्या" सुया मी इथे आणल्या आणि नवऱ्याच्या स्वेटरची मच्छरदाणी झाली. नेहमी मिलिमीटर पाहावेत.

धागेदोरे | १४ ऑक्टोबर

नमुना धुतला नव्हता, हे कबूल करते. लोकर अक्रिलिकची असल्यामुळे ती आटणार नाही असे मी समजले होते.

उलटसुलट | १४ ऑक्टोबर

अक्रिलिक आटत नाही हे खरे, पण पहिल्या धुण्यात टाके आपापल्या जागी बसतात आणि माप थोडे हलते, म्हणून धुवावेच. पंचावर सपाट पसरून वाळवा, दोरीवर टांगू नका. आणि अक्रिलिकला गरम इस्त्री कदापि लावू नका. मी एकदा एक सुंदर पिस्ता रंगाचा स्वेटर "नीट बसावा" म्हणून ओल्या फडक्यावरून इस्त्री केला. उष्णतेने अक्रिलिकचा धागा मऊ पडतो आणि त्याची स्प्रिंग कायमची जाते. बॉर्डर ताणलेल्या रबरासारखी पसरली आणि पुन्हा आवळली नाही. शुद्ध लोकर वाफेने सुधारते, अक्रिलिक त्याच वाफेने मरते.

मात्र आपल्या हवेला अक्रिलिक सोयीचे आहे. साडेदहा महिने ट्रंकेत पडले तरी त्याला कसर लागत नाही.

काजेबटण | १५ ऑक्टोबर

मला विणता येत नाही. इतवारीत माझे शिंपीकामाचे दुकान आहे आणि माझी पत्नी ही चर्चा वाचत असते, तिने मला मुद्दाम लिहायला बसवले आहे. मूळ प्रश्न मापाचा आहे आणि माप हा माझा धंदा आहे.

ताई, तुम्ही दिलेली पाठ ६१ आणि पुढची बाजू ६० ही मापे पोक आलेल्या माणसाची असू शकत नाहीत. ती ताठ उभ्या राहिलेल्या माणसाची मापे आहेत. टेप गळ्यात पडली की प्रत्येक गिऱ्हाईक छाती काढते, पोट आत घेते आणि मान वर करते. म्हातारी माणसे तर यात तरुणांच्या पुढे असतात, कारण आपली पाठ वाकली आहे हे मुलीसमोर दाखवायला त्यांना आवडत नाही. मग कपडा शिवला जातो तो त्या दोन मिनिटांच्या माणसाला, आणि घालतो दिवसभराचा माणूस. आमचे वडील वयस्क गिऱ्हाइकाला आधी बाकावर बसवून चहा देत, गप्पा मारत, आणि तो उठून दाराकडे पाहत उभा राहिला की मागून टेप लावत. समोर आरसा असलेल्या जागी ते कधीही माप घेत नसत.

तुम्ही असे करा. वडील उभ्याने वर्तमानपत्र चाळत असतील किंवा खिडकीतून बाहेर पाहत असतील तेव्हा पाठीची लांबी मोजा. "ताठ उभे राहा" म्हणू नका आणि "ताठ उभे राहू नका" असे तर मुळीच म्हणू नका. त्यांच्या अंगावर सदरा असू द्या. मानेचा मणका शोधायला मान थोडी खाली करायला लावतात, पण त्यांची मान पुढे असणारच, तिथे बोट ठेवले की हाताला लागेल. पुढचे माप खांद्याच्या वरच्या टोकापासून, गळ्याच्या कडेने घ्या. दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा, पोकाबरोबर एक खांदा बहुधा खाली उतरलेला असतो.

रुंदीसाठी जुना कपडा, लांबीसाठी अंग. माझे मत हे.

थंडीप्रेमी | १५ ऑक्टोबर

काजेबटणदादा, आपल्या पोस्टमुळे आज एक कोडे सुटले. माझ्या लग्नातला कोट माप घेताना उत्तम बसला होता आणि लग्नात बसला नाही. त्या दुकानातही मोठा आरसा होता.

नवशिकी | १६ ऑक्टोबर

पाठ लांब आणि पुढची बाजू आखूड असेल तर दोन्ही भागांच्या कडा एकमेकींना कशा जुळतील? मागचा भाग अधिक ओळींचा विणला तर शिवताना तो जास्तीचा निघेल ना?

उलटसुलट | १६ ऑक्टोबर

फार योग्य प्रश्न आहे, आणि पोकासाठी विणण्याचे सारे मर्म यातच आहे. जास्तीची लांबी काठांना नको असते, पाठीच्या मध्यभागी हवी असते. त्यासाठी अर्ध्या ओळी विणतात. ओळ सुरू करायची, पण शेवटपर्यंत न नेता काही टाके सुईवर तसेच शिल्लक ठेवून काम उलटे वळवायचे आणि परत विणत यायचे. दुसऱ्या बाजूलाही तसेच करायचे. दर फेरीत थोडे अधिक टाके सोडत गेले की मध्ये ओळी वाढत जातात आणि दोन्ही कडा होत्या तेवढ्याच राहतात. मोज्याची टाच ज्यांनी अशी विणली आहे त्यांना हा खोलगट आकार ओळखीचा वाटेल. वळताना पुढचा टाका न विणता उचलून त्याच्याभोवती धागा गुंडाळायचा आणि तो टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, नाहीतर वळणावर भोक पडते. शेवटी पूर्ण ओळ विणताना तो गुंडाळलेला धागा टाक्यासोबत एकत्र विणून घ्यायचा.

सगळ्या अर्ध्या ओळी एकाच जागी विणू नयेत, तिथे पिशवी होते. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या जागेच्या, थोडे खालून सुरुवात करून खांद्याच्या फऱ्यांपर्यंत, दर दोन-तीन सेंटिमीटरवर एक जोडी अशा विखुराव्यात. विणही साधी ठेवावी. वेणीची वीण कापड आत ओढते आणि तिला वेगळा नमुना लागतो, पोकाच्या हिशेबात ती भर कशाला.

सक्करदराकर | १७ ऑक्टोबर

हीच युक्ती पुढून, पोटासाठी, वापरता येईल काय? मित्रासाठी विचारतो आहे.

उलटसुलट | १७ ऑक्टोबर

येईल. मित्रालाही वर्तमानपत्र वाचत असताना मोजा.

धागेदोरे | २ नोव्हेंबर

काजेबटणदादा, तुमचे किती आभार मानू. रविवारी वडील गॅलरीत उभ्याने पेपर वाचत असताना "सदऱ्याचे माप हवे आहे" असे सांगून मागून टेप लावली. पाठ ६५ भरली आणि पुढची बाजू ५९. परवाच्या मापात एक सेंटिमीटरचा फरक होता, तो सहाचा निघाला. पहिल्या वेळी त्यांनी माझ्यासाठी किती जोर लावून पाठ सरळ केली असेल, हे ते आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिताना लक्षात आले. उजवा खांदाही दीड सेंटिमीटर खाली आहे.

रुंदी एका जुन्या कोटावरून घेतली, ती १०४ च आली. नमुना धुऊन वाळवून पुन्हा मोजला. टाके २२ च राहिले, ओळीही ३० च.

लोकर किती घ्यावी या विचारात होते, तर सौ. गणितमास्तरांनी व्यक्तिगत निरोपात सुचवले की नमुन्याचेच वजन करा. घरच्या काट्यावर इतके हलके वजन दिसेना म्हणून इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी १५ सेंटिमीटरचा तो निळा चौकोन अत्यंत गांभीर्याने तोळ्याच्या काट्यावर ठेवला आणि ९ ग्रॅम सांगितले. घडणावळ घेतली नाही.

गणितमास्तर | २ नोव्हेंबर

१५ गुणिले १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरला ९ ग्रॅम, अर्थात १०० चौरस सेंटिमीटरला ४ ग्रॅम. अंग आणि दोन बाह्या मिळून साधारण ९,५०० चौरस सेंटिमीटर धरले तर ३८० ग्रॅम. बॉर्डर, गळापट्टी आणि शिवण यांसाठी वर थोडी भर घालून ४५० होतात. ५० ग्रॅमचे दहा गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. नंतर आणलेल्या दुसऱ्या लॉटचा निळा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळतो आणि उन्हात जुळत नाही.

अर्ध्या ओळींचा हिशेब : साध्या पाठीलाही एखादा सेंटिमीटर जास्त लागतोच, तो मूळ लांबीतच धरा. उरलेल्या ५ सेंटिमीटरच्या १५ ओळी होतात. अर्ध्या ओळी जोडीनेच येतात, म्हणजे १४ किंवा १६.

उलटसुलट | ३ नोव्हेंबर

१४ घ्या, सात जोड्या. विणलेले कापड स्वतःच्या वजनाने थोडे उतरते. आणि पुढचा गळा नेहमीपेक्षा दोन सेंटिमीटर खोल ठेवा, त्यांची मान पुढे असल्यामुळे गळापट्टी हनुवटीखाली टोचेल.

काजेबटण | ३ नोव्हेंबर

उतरलेल्या खांद्याला दुसऱ्याच्या बरोबरीने विणू नका. तिथे चार ओळी कमी करा.

मोगरा | ३ नोव्हेंबर

मला एक शंका आहे. दोन खांदे वेगळे विणले तर माणसाचा बांधा उलट अधिक उठून दिसणार नाही का? माझ्या मते एक खांदा थोडा सैल राहिलेला परवडला.

काजेबटण | ४ नोव्हेंबर

कोटाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मी मान्य केले असते, कारण कोटात खांद्याला भरणी घालून फरक लपवता येतो. स्वेटरला भरणी नसते. सैल राहिलेल्या बाजूला काखेतून मानेकडे तिरकी चुणी पडते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

धागेदोरे | १९ डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या गर्दीत बर्डीवर बटणे आणायला गेले आणि दोन तास अडकले, म्हणून शेवटचे काम आठवडाभर लांबले. समोरून बटणांचा केला आहे, म्हणजे ऊन वर आले की डोक्यावरून न काढता उघडता येईल.

मागची बाजू दोनदा उसवली. पहिल्यांदा सगळ्या अर्ध्या ओळी सात-आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच विणल्या गेल्या आणि उलटसुलटताईंनी बजावल्याप्रमाणे खरोखरच पिशवी झाली. दुसऱ्यांदा गुंडाळलेला धागा विणून घ्यायला विसरले आणि पाठीवर भोकांची रांगोळी उमटली. तिसऱ्यांदा जमले. पलंगावर पसरला की स्वेटर विचित्र दिसतो. पाठ मध्ये फुगते आणि एक खांदा खाली उतरलेला दिसतो, तेव्हा आईने तो पाहून "हे काय केलेस" असेच विचारले. अंगात गेल्यावर ती फुगलेली जागा पाठीने भरून घेतली आणि खालची कड सगळीकडून एका रेषेत आली. गळा अजून एक सेंटिमीटर खोल चालला असता, हे मान्य.

आज सकाळी मीही त्यांच्याबरोबर तलावावर गेले. पूर्ण फेरीभर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होते.

लोकर ४१५ ग्रॅम लागली, ८५ उरली आहे.

गणितमास्तर | १९ डिसेंबर

अभिनंदन. ८५ ग्रॅममध्ये कानटोपी आरामात होईल. टोपीला सैलपणा मिळवायचा नसतो, वजा करायचा असतो. डोक्याचा घेर कळवावा.

धागेदोरे | १९ डिसेंबर

५६. पेपर वाचत असतानाच घेतला आहे.

गणितमास्तर | १९ डिसेंबर

५६ वजा ५ म्हणजे ५१, गुणिले २.२ बरोबर ११२.२. टाके ११२ घालावेत, चाराने भाग जात असल्यामुळे दोन सुलट दोन उलट बॉर्डर बिनचूक बसेल.